म्हातारी खाली बसलीय

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी विचारायला हवं, पण माझं डोकं ठिकाणावर नाही. बाबांचं पत्र आलंय. कायमचे इकडे राहायला या म्हणून मी त्यांच्या किती मागे लागलेय, ते तुला माहीत आहेच. मागची खोली रिकामी केली, तिथला पसारा स्वयंपाकघरात ढकलला, नवऱ्याने खिडकीची कडीसुद्धा बदलली. आणि बाबा लिहितात, म्हातारी अजून खाली बसलीय, तिला सोडून कसा येऊ? ती वर आली की त्याच आठवड्यात निघतो, शब्द देतो.

आत्या, म्हातारी म्हणजे आईच ना? तिचा पहिला पांढरा केस दिसला तेव्हापासून ते तिला तशीच हाक मारायचे. आई जाऊन वर्ष झालं. बाबा विसरले की काय? की ही कुणी दुसरी? दुसरी असेल तर मी रागवायचं की आनंद मानायचा, तेही कळेना. काल दुकानात एका गिऱ्हाइकाला भलत्याचाच चष्मा दिला. तू वरच्या मजल्यावर आहेस, जरा खाली डोकावून बघ आणि लगेच कळव.

माझ्यावर जीव आहेच तुझा, तो तसाच राहू दे.
तुझी भाची, बडबडी

ता. ९ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा.

डोकावले. खाली कुणी नाही. दादा सकाळीच समुद्रावरच्या खडकांकडे जातो आणि माझ्या शिवणाच्या डब्यातला कच्चा दोरा रोज कमी होतो. शेवटी नाकाला पदर लावून त्याच्या मागे गेले. त्याच्या मासेमारीच्या आमिषाचा वास मला सोसत नाही, म्हणून जन्मात कधी तिकडे फिरकले नव्हते. बघते तर माझ्या दोऱ्याने दोरीला दगड बांधतोय! दगड कपारीत अडकला तर कच्चा दोरा तुटावा आणि गळ वाचावा म्हणे. गळाला खेकडा लावला, खडकाच्या पायथ्याशी सोडला आणि पाण्याशी बोलत उभा राहिला.

खेकडाच का, असं विचारलं तर म्हणाला, म्हातारीला आवडतो. अगं, वहिनी तर खेकडा बघून किंचाळायची! कोण म्हातारी, म्हटलं, तर मलाच खुळी समजून बघत राहिला. म्हणाला, ती खालची. बाई गं, आता मला माझाच संशय यायला लागलाय. डॉक्टरांना बोलावते. शेवाळावरून पाय घसरला तर काय, या विचाराने घास उतरत नाही.

अधूनमधून या थेरडीला आठवत जा.
तुझी आत्या

ता. १८ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोघींनी मिळून मला वेड्यात काढलंत. डॉक्टर जीभ बघून गेले आणि जाताना गळ कुठला वापरता ते विचारून गेले.

अगं, म्हातारी हा मासा आहे. तळाला कपारीत राहते, जाड ओठांची, कायम फुगून बसलेली. नाव तुझ्या आईनेच ठेवलं. मला म्हणता ना, मग तिलाही म्हणा, असं म्हणाली. तुम्हाला हे ठाऊक असेल असं मी धरूनच चाललो होतो.

काल ती लागली. अशा वेळी ओढायचं नसतं. ओढलं की ती कपारीत अंग फुगवून घट्ट बसते. दोरी सैल सोडून वाट बघायची. बघितली. तीच बाहेर आली, पायाशी उथळ पाण्यात आडवी झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मनात आलं, आता तिकीट काढायला हवं. आणि मी गळ काढून तिला सोडून दिलं.

तुझ्या आत्याला सांगितलं, निसटली. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. तिची दया आली म्हणून सोडली, की मला इथून हलायचं नाही म्हणून, खरंच कळत नाही. तुझ्याकडे यावंसं वाटत नाही असंही नाही. पण शब्द दिला होता आणि ती हाती आली होती. तू म्हणशील तसं करतो.

माझ्यावर रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.
तुझा बाबा

ता. २४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

लहानपणी माझा एक मासा काठावर येऊन हातातून सटकला होता. तोही मोजणीत धरा म्हणून मी रडरड रडले, पण तुम्ही बधला नाहीत. टोपलीत पडला तोच मासा, बाकीच्या नुसत्या गप्पा, हा आपल्या घरचा नियम. तेव्हा म्हातारी तुम्हाला मिळालेली नाही, आणि शब्द पाळायची वेळही आलेली नाही.

मला तुम्ही इथे हवे आहात, रोज हवे आहात. तरी हे का लिहितेय, ते माझं मलाच कळत नाही. पुढच्या महिन्यात मीच येते. तोवर खेकडे लावत राहा.

आहे तेवढी माया पुरे, कमी मात्र करू नका.
तुमची बडबडी