इनूचा पापा

कर्वेनगर, पुणे

प्रिय पूर्णिमा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझी मीटिंग निघते, म्हणून कागद घेतला; त्याचा फोटो काढून आजच तुझ्या मोबाइलवर पाठवतेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

इनू मजेत आहे असंच लिहिणार होते, पण हात धजावत नाही. तशी खातेपिते, वरणभातावर लिंबू पिळून मागते. तू तिला आमच्याकडे सोडून हॅम्बर्गला परत गेलीस तेव्हा तिला ‘आजी’ आणि ‘नको’ एवढंच येत होतं. आता पाच वर्षांची चिमुरडी रिक्षावाल्याला मीटर टाकायला सांगते. तुझ्याशी जर्मन, आमच्याशी मराठी. राहिली बापाची पोर्तुगीज. ती बोलायला इथे आहे कोण? आणि तू जाताना बजावलंसच, की नवं घर लागून तू तिला न्यायला येईपर्यंत तिच्या बापाचं, रुईचं नावसुद्धा काढायचं नाही, म्हणजे पोर आपोआप विसरेल. आम्ही काढलं नाही. त्याचे फोटो तुझ्या बाबांनी माळ्यावर टाकले.

मी त्याची बाजू घेतेय असं समजू नकोस. त्यानं तुला किती रडवलं ते मला ठाऊक आहे. लग्नाआधी तू नाव सांगितलंस तेव्हा, मारुतीच्या गळ्यातच शोभणारं नाव आहे, असं मी म्हटलं होतं आणि तू आठवडाभर अबोला धरला होतास. पण इथे आला होता तेव्हा माझ्या हातची आंबट कढी तीन वाट्या प्यायला बिचारा, हेही खरं.

तर झालं असं. बालवाडीच्या शर्मिलाताईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलगी गोड आहे हो, पण कधी काही विचारत नाही, नुसती सांगते. बाटली रिकामी असली तरी म्हणते, पाणी आहे. सुट्टीला तास असला तरी म्हणते, घरी जायचं. हट्टी वाटते. मी त्यांना ऐकवलं, की आमच्याकडे आजीपासून सगळ्याच हट्टी आहेत, आणि तोऱ्यात घरी आले. पण त्यांचं खोटं नव्हतं. घरीही ती तसंच बोलायची. आम्हाला कौतुक वाटायचं, कशी ठासून बोलते बघा.

आणि संध्याकाळी गॅलरीत उभी राहून ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, पापा. फोनवर आमच्याशी बोलताना तू त्याला नेहमी रुई म्हणायचीस, आणि आमच्यासमोर तिला ‘बाबा’ म्हणायला शिकवायचीस. मला काय कल्पना! आपल्याकडे पोर पापा म्हणालं की काय करतात? मी उचलायचे आणि गालाचा पापा घ्यायचे. रोज. ती गप्प व्हायची. मला वाटायचं, समाधान झालं. तुझे बाबा तर हेव्याने म्हणायचे, आम्हाला नाही कुणी पापा मागत.

परवा वरच्या मजल्यावरचा आमोद आला होता, तोच, जर्मनचे क्लास घेतो तो. तिनं पापा म्हटलं, मी पापा घेतला, आणि या वेळी तिनं गाल खसाखसा पुसला. लाडोबा कुठली, म्हणून मी हसले. आमोद हसला नाही. जर्मनीत असताना त्याच्या खोलीवर एक पोर्तुगीज मुलगा राहायचा. तो म्हणाला, काकू, ती मागत नाहीये, विचारतेय. जर्मनमध्ये प्रश्न विचारताना क्रियापद उचलून पुढे आणतात; पोर्तुगीजमध्ये म्हणे शब्द जागचे हलतसुद्धा नाहीत, सगळा भार सुरावर. आणि तो सूरही आपल्यासारखा चढत जात नाही. खाली उतरतो आणि अगदी शेवटी किंचित उचलतो. आपल्या कानाला वाटतं, झालं बोलून. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे सूर असे एकमेकांत मिसळतात, त्यात वावगं काही नाही, असंही म्हणाला. तुझ्याशी ती जर्मन बोलते तेव्हाही मधूनमधून चाल बापाचीच असते. तुला ते ऐकू येत असेलच, पूर्णिमा. मला नाही वाटत येत नसेल.

मग त्यानं तिला जर्मनमध्ये विचारलं, काय विचारतेस तू आजीला? ती जे म्हणाली ते त्यानं मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मी आजीला विचारते पापा कधी येणार, म्हणाली. आजी सांगत नाही. नुसता मुका घेते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं गं. चार महिने ही पोर रोज विचारतेय आणि मी रोज तिचं तोंड बंद करतेय, तेही लाडाने! परवापासून तिनं विचारणंच सोडलं आहे. गॅलरीत येते, खालच्या गाड्या बघते आणि आत निघून जाते. तुला हवं होतं तसं विसरत चालली आहे असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार.

आता जे सांगायला बसले ते सांगते. दर शनिवारी दुपारी आपल्या जुन्या फोनवर रुईचा फोन येतो. नमस्कार आई, म्हणतो, आणि मग एकच शब्द, इनूचं पूर्ण नाव, इनेस. तू सांगितलंस म्हणून मी राँग नंबर म्हणते आणि ठेवते. त्याचाही सूर खाली उतरतो आणि शेवटी किंचित उचलतो. आता मला तो ऐकू येतो. तुमचं तुम्ही मोडा, मी मध्ये पडणार नाही. पण तो आता तुमच्या घरी राहणार नाही, हे लेकीला तू सांग, तुझ्या तोंडाने, शनिवारच्या आत. शनिवारी फोन वाजला की मी तो इनूच्या हातात देणार आहे. मी तुला विचारत नाहीये, पूर्णिमा. सांगतेय.

रागावलीस तरी तुझीच,
आई