बाबांच्या प्यूजोचे दिवे

१४ जून

आज अबू सुहैलशी पुन्हा वाजलं! मालक असला म्हणून काय झालं?

मुसल्लमचाचाच्या पिकअपचे झेनॉन दिवे भिंतीवर लावून बघत होतो. प्रकाशाची कड काळ्या रेघेवर बरोब्बर आणली. उजवीकडे ती कड पायरीसारखी वर चढते, तीही जागच्या जागी. तरी म्हणतो, "एक बोट खाली घे."

मी म्हटलं, रेघ तुम्हीच मारलीय ना?

"रेघ रिकाम्या गाडीची आहे, शहाण्या. चाचा मागे उंटांचं खाणं भरतो. मागचं बूड बसलं की नाक वर. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. त्यालाही घरी कोणी आहे."

घेतला खाली. पण जीव लागत नाही इथे. आधी टायरवाल्याकडे होतो, मग मासळीच्या गोदामात, आता हे दिव्यांचं दुकान. मामाच्या पैशांतून व्हिसा काढून सलालाहात आलो तेव्हा वाटलं होतं, एका वर्षात माणूस होईन. झालो — गाड्यांसमोर उकिडवा बसणारा माणूस.

१५ जून

ठरलं. खरीफचं, इथल्या पावसाळ्याचं, धुकं सरलं की घरी जायचं. दिवसा प्यूजो टॅक्सी बाबा चालवतील, संध्याकाळच्या खेपा मी. सीमेपलीकडे, आमच्या इब शहरापासून सुमाराच्या घाटातून वर. नऊ माणसं आत, टपावर बोचकी, एखादी शेळी. एवढंच पाहिजे मला. दुसरं काही नको.

१६ जून

झोप येईना तेव्हा प्यूजो आठवत बसतो. गियर टाकताना खर्र करते. मागचं डावं दार आतून उघडत नाही, बाबा उतरून जाऊन उघडतात आणि म्हणतात, "या साहेब." प्रत्येकाला! शेळीलाही म्हणतात.

मी निघालो त्या दिवशी बाबांनी ती पहाटेच धुऊन ठेवली होती. काचा वर्तमानपत्राने घासल्या. चाकांच्या वाट्यासुद्धा. मी म्हटलं, नवरदेव आहे का मी? नुसते हसले. बस सुटेपर्यंत बॉनेटला टेकून उभे होते.

१९ जून

बाबांना व्हॉइस मेसेज टाकला. येतोय म्हणून सांगितलं. म्हटलं, रात्रीच्या खेपा करायच्या तर तुमचे ते अंड्याच्या बलकासारखे दिवे चालायचे नाहीत. नवे पाठवतो. झेनॉन म्हणा, एलईडी म्हणा, काय हवं ते.

उत्तर — "कशाला रे पोरा, खर्च नको."

आणि येण्याबद्दल अवाक्षर नाही!

२० जून

आज बाबांचा स्वतःहून मेसेज. "नश्वान, ते दिवे इंजिन बंद असताना लागतात का?"

मी हसून हसून बेजार. इंजिन बंद ठेवून गाडी कोण चालवतो! तसं सांगितलं. तर म्हणतात, "अड्ड्यावर उभं राहावं लागतं ना. प्रवासी भरेपर्यंत."

बरं बाबा, लागतात. बॅटरीवर लागतात.

२२ जून

अबू सुहैलने न मागता झेनॉनची जोडी दिली. ठोकलेल्या गाडीतून काढलेली, पण काच निर्मळ. "बापाला पाठवतोस ना? ने." वर पुन्हा — "उद्या लवकर ये, उपकार केले म्हणून लोळू नको."

याच्याशी भांडावं कसं, तेच कळत नाही.

इशराक बाळंतपणासाठी माहेरी आलीय. माझी धाकटी बहीण — परवापर्यंत माझ्या चपला घालून पळायची! नवरा रियाधला. आई एकटी सगळं बघते. दिवे सीमेपलीकडे जाणाऱ्या बसवाल्याकडे दिले. सोबत आईला इथला लोबान.

३० जून

धुकं उतरलं. डोंगर गेला कुठे कोण जाणे. मस्कतचे, दुबईचे लोक गाड्या भरभरून भिजायला आलेत. सगळ्यांना दिवे आजच हवेत.

७ जुलै

दिवे पोचले. बाबा म्हणतात, "चांगले आहेत रे, पण आळशी आहेत. बटण दाबलं की आधी निळे होतात, विचार करतात, मग पांढरे. आणि पितात फार. पहाटेच्या अजानआधीच बॅटरी बसली."

म्हटलं, रात्रभर चालू ठेवलेत की काय?

म्हणाले — "हो, विसरलो."

बाबा विसरले? जे उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात ते?

सुधीरनला विचारलं. तो केरळचा, या दुकानात माझ्या आधीपासून, दिव्यांतलं सगळं त्याला विचारायचं. ताडकन बोलला — "झेनॉनला उजेड पाडायला आत ठिणगी पेटवावी लागते. लांब पल्ल्याला राजा. पण घडी घडी चालू-बंद केला की आयुष्य खलास. तुझ्या बापाची रोजची गाडी आहे ना? थांब-चल, थांब-चल? मग एलईडी. बटण दाबलं की दिवस. आणि निम्म्या भाकरीवर काम करतो."

११ जुलै

आज गंमत! मुसल्लमचाचाच्या पुतण्याने एलईडी बसवले म्हणून चाचालाही तेच हवे. बसवले. पांढरेशुभ्र. अंधार पडताच चाचा म्हणाला, चल वर, बघू.

घाटात शिरलो आणि समोर भिंत! नुसतं पांढरं. चाचा ओरडतो, "अरे हा रस्ता आहे की दूध? मी दुधात गाडी चालवतोय!" मी म्हणतोय हळू, हळू. तेवढ्यात चाचाने ब्रेक दाबला. समोर चार काठ्या. काठ्या हलल्या. उंट!

दिव्याची कड जिथे कापली जाते त्याच्या वर सगळं काळं धुकं, त्यात उंटाचं धड. खाली फक्त पाय.

चाचा उतरला. त्याचीच उंटीण निघाली. तिच्या मानेला हात लावून त्यांच्या डोंगरी बोलीत काहीतरी पुटपुटत राहिला, किती वेळ. मला एक शब्द कळला नाही. पण सूर कळला. बाबा प्यूजो घाटात तापली की तिच्याशी तसंच बोलतात.

दुकानात येऊन चाचाने दंगा केला. "मला उंटाचे पाय दिसतात, उंट दिसत नाही!"

सुधीरन म्हणाला, "चाचा, पाय दिसले की वर उंट असतोच."

अबू सुहैल चहा सांडेपर्यंत हसला. चाचा हसला नाही. म्हणाला, "माझा जुना झेनॉन परत दे. तो पिवळसर होता, धुक्यात घुसायचा."

सुधीरनचं म्हणणं वेगळं. धुक्याला झेनॉन काय, एलईडी काय — रंग बघायचा. एलईडीतही पिवळसर मिळतो. "तुम्ही लोकच दूध मागता!"

चाचाला पिवळसर एलईडी दिले. मला कळलं बाबांना काय पाठवायचं. सुमारावर धुकं काय कमी असतं?

१२ जुलै

अंग दुखतंय. भात, मासा, झोप.

१६ जुलै

बाबांचे प्रश्न संपत नाहीत! "त्याच्या मागे पंखा असतो म्हणतोस, त्याचा आवाज येतो का?"

इंजिनच्या आवाजात कोणाला ऐकू येणार, बाबा!

"नाही, तुझी आई विचारत होती."

आईला काय करायचंय पंख्याच्या आवाजाचं? आणि मग — "एकच दिवा लावला तर चालतो का?" मी ओरडलोच. एका डोळ्याची गाडी! समोरच्याला वाटेल मोटारसायकल आली, येईल अंगावर. दोन्ही लावायचे. कबूल करा. कबूल, म्हणाले. मागे कोंबड्या कलकलत होत्या. म्हटलं, हे प्रवासी कुठले? बाबा घाईघाईने — "गाडी भरली, ठेवतो."

पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. बाबा माझ्याशी इतकं कधी बोललेच नव्हते. घरी असताना आमचं बोलणं म्हणजे "पाना दे" आणि "हा नाही, तो." आता रोज काहीतरी विचारतात. मला विचारतात!

२२ जुलै

अबू सुहैल म्हणाला, "तुझा व्हिसा ऑगस्टअखेर संपतो. नवा करायचा का नाही, सांग. हो म्हणालास तर मिरबातच्या नव्या दुकानात तूच बसशील. सुधीरनला भिंतीवरची रेघ दिसते. तुला समोरून येणारा दिसायला लागलाय."

असं तोंडावर कोणी कौतुक करतं का! म्हटलं, मी घरी जाणार. माझी गाडी आहे तिथे.

"बापाची आहे."

तेच ते.

२९ जुलै

एलईडीची जोडी घेतली — भिंगवाली, सायीच्या रंगाची, माझ्या पगारातून. भिंतीसमोर ठेवून स्वतः कड जुळवली. डावा, उजवा. पायरी अशी सरळ आली की सुधीरनने शिट्टी मारली. पंखा कानाशी धरून ऐकला. डासाचा आवाज याहून मोठा. आईला सांगा म्हणावं.

बसवाल्याला तीनदा बजावलं, मांडीवर घेऊन जा.

१३ ऑगस्ट

लागले! बाबांचा आवाजच वेगळा. "पोरा, अर्धं गाव बघायला आलं. तुझी आई म्हणाली, चंद्र पाठवला पोरानं."

विचारलं, घाटात कसा पडतो? कड बरोबर आहे ना?

"बरोबर. सगळं दिसतं. स्वच्छ दिसतं." आणि वर — "अल्लाह तुझ्या वाटेवर उजेड पाडो."

मी बाहेर जाऊन उगाच एका गाडीचं बॉनेट पुसत बसलो.

१८ ऑगस्ट

बाजारातून प्यूजोच्या स्टिअरिंगला कव्हर घेतलं. तपकिरी, टाके घातलेलं. उन्हाळ्यात बाबांचे हात भाजतात. आता माझेही भाजतील.

बाबांना म्हटलं, महिनाअखेरीला निघतो. तर म्हणतात रस्ते धड नाहीत, पाऊस फार आहे, इशराकचं होऊन जाऊ दे. प्रत्येक वेळी काहीतरी! मी नकोय का त्यांना त्या गाडीत?

विचारलंच तसं. उत्तरात पुन्हा पाऊसच.

२५ ऑगस्ट

अबू सुहैल — "गुरुवारी शेवटचं विचारतो." मी 'नाही' तयार ठेवलंय.

२६ ऑगस्ट

मुलगी झाली! मी मामा झालो! दोघी सुखरूप!

अबू सुहैलने खजूर वाटले, सुधीरनने केळीचे वेफर. मुसल्लमचाचा उंटिणीचं दूध घेऊन आला. म्हणाला, धुक्यातल्या दुधापेक्षा हे बरं.

२७ ऑगस्ट

इशराकने फोटो पाठवला. दुपारच्या सुट्टीत बघितला. बाळ म्हणजे मूठभर लाल तोंड आणि ढीगभर दुपटी. आईचे हात दिसतात. आईचं तोंड वर अंधारात.

बघता बघता माझी नजर मागच्या भिंतीवर गेली. खाली सायीच्या रंगाचा उजेड, वर अंधार, मध्ये सुरीने कापल्यासारखी कड. आणि उजवीकडे पायरी.

ती कड मी ओळखणार नाही? मीच जुळवलीय ती!

फोन केला. म्हटलं, इशराक, गाडीचा दिवा घरात काय करतोय?

ती हळूच, बाळाला थोपटत — "आपल्याकडे वीज येते तरी कधी रे? रात्री दुखायला लागलं असतं तर चुलीच्या उजेडात करायचं का? तुझे पहिले दिवे लावून बघितले बाबांनी, सौरवाली बॅटरी रात्रीतच बसली. हा टिकला. रात्रभर टिकला. दुसरा सुईणीच्या खोलीत लावलाय. तिकडेही दोन बाळं झाली."

आणि गाडीला?

"कुठली गाडी, नश्वान? तुला बसवर सोडलं ना... तिथूनच पुढे नेऊन विकली. बाबा चालत आले घरी. तुझ्या व्हिसाचे पैसे काय मामाने दिले असं वाटलं तुला? आम्हाला शपथ घातली होती. म्हणाले, त्याला तिकडे तग धरायला इकडे गाडी आहे असं वाटू दे."

बाबांनी काचा घासल्या होत्या. चाकांच्या वाट्या. ते माझ्यासाठी नव्हतंच. की होतं?

दिवसभरात पाच गाड्या केल्या. अबू सुहैल माझ्या पुढ्यात चहा ठेवून गेला, साखर जास्त.

२८ ऑगस्ट

अबू सुहैलला 'हो' सांगितलं. कव्हर परत केलं नाही, ठेवलंय.

फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मग बाबांना मेसेज टाकला. गाडीचं काही काढलं नाही. एवढंच म्हटलं — "बाबा, दिवा एक बोट खाली घ्या. समोरून येणारीच्या डोळ्यांत जातोय."

समोरून येणारीचं अजून नावही ठेवलेलं नाही.