वीस पोटुशींचं टार्गेट

४ मार्च, सोमवार
वीस! महिन्याला वीस गरोदर बाया 'प्रोत्साहित' करायच्या. म्हणजे दर आठवड्याला नर्स घरी येऊन तपासून जाईल, त्यासाठी फॉर्मवर सही घ्यायची. फुकट आहे, तरी एकही तयार नाही. ऑफिसातल्या मॅडमनी नवं पत्रक दिलंय. चित्रात सोफा, फुलदाणी आणि पोटावर हात ठेवून हसणारी बाई. वस्तीतल्या बायांना एवढं हसायला सवड असती, तर नर्स हवी कशाला!

६ मार्च
शिलाई कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. काज-बटणवाली सातव्या महिन्यात आहे. पाय इतके सुजलेत की नवऱ्याच्या चपला घालून येते. हिला नर्स हवीच, आजच्या आज! "घरी येऊन काय करणार? भांडी मोजणार?" म्हणाली, आणि माझ्याच पत्रकाने वारा घेत निघून गेली. निदान काही उपयोग झाला.

९ मार्च
तिच्या घरी गेले. तिच्या सासूबाई दारातच आडव्या आल्या. "आमच्या वेळी कोण आलं होतं? झालीच की पाच!" फॉर्म काढला. प्रश्न चौथा — खोल्या किती? पाचवा — भिंतीला ओल आहे का? सहावा — घरात दारू कोण पितं? आणि वर ठळक अक्षरात, 'आम्ही तुमच्या मैत्रिणी आहोत.' अशी मैत्रीण वैऱ्यालाही न मिळो!

११ मार्च
कारखान्याच्या चहाच्या सुट्टीत तीच जवळ आली. हळूच म्हणाली, "ताई, आमच्या भिंतींना ओल आहे हो. ते बघून तुमची माणसं बाळ घेऊन गेली तर?" मी हसले. "अगं, आमच्या ऑफिसला फायली सांभाळता येत नाहीत, तुझं बाळ काय सांभाळणार!" ती हसली नाही. मग मलाच लाज वाटली. सरळ सांगितलं — कोणी नेत नाही. ही सूज चांगली नाही, रक्तदाब बघायलाच हवा.

१४ मार्च
सही झाली!! विसातली एक. नर्स उद्याच जायला तयार होती. पण ही म्हणे, "सोमवारी या ना. तोवर घर आवरते." म्हटलं, आवर बाई, सावकाश आवर. ऑफिसात मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मीही ऐटीत वाजवून घेतल्या.

१८ मार्च
काल स्टुलावर चढून चुना मारत होती. चक्कर येऊन पडली. बाळ सातव्यातच झालं, काचेच्या पेटीत ठेवलंय. सकाळी इस्पितळात गेले. मला बघताच उठू लागली — "ताई, नर्सबाईंना आज नको म्हणा. एक भिंत राहिलीय."