काठावरचं जाकीट

नाशिक,
ता. १६ जानेवारी १९८४

चि. सौ. चांगुणास,

सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. तान्हीला माझा पापा. वि. वि.

आईला तुझ्या बाळंतपणासाठी इगतपुरीला पाठवली आणि तुझी वहिनी भावाच्या लग्नाला माहेरी गेली, तेव्हापासून आम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या हातचं खाऊन दिवस ढकलतोय. काळूची भाकरी एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने कोळसा. माझी डाळ रोज खाली लागते. तरी अजून जिवंत आहोत, असं आईला सांग.

शनिवार-रविवार गंगापूरच्या धरणावर होतो. काळूचा नवा नाद तुला माहीत नसेल. त्याचा शाळेपासूनचा दोस्त भिमाजी, तोच तो कोर्टातला कारकून, त्याला मुंबईच्या मेहुण्याने एक जुनी फळी दिली आहे. दारापेक्षा लांब आणि दाराहून अरुंद. मधोमध खाच, खाचेत काठी, काठीला शीड. फळीवर उभं राहायचं, शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वारा नेईल तिकडे जायचं. याला विंडसर्फिंग म्हणतात. सुरुवातीला काळू फळीवर कमी आणि पाण्यातच जास्त असायचा. आता असा जातो की काठावरची गुरं चरायची थांबतात.

माझा नाद जुनाच. दिवसभर कारखान्यात लाकडी साचे करायचे आणि घरी आल्यावर उरल्यासुरल्या सागाच्या होड्या. हल्ली त्यांत टेपरेकॉर्डरची मोटार आणि सेल बसवतो. होडी जाते झकास, पण तिला परत बोलवायची सोय नाही. सेल संपले की मधल्या पाण्यात रुसून बसते. मग काळू फळीवरून तिला आणायला जातो. त्यासाठी त्याने युक्ती काढली आहे. काठी खाचेतून निसटली तर फळी एकटीच वाऱ्याने निघून जाऊ नये म्हणून दोघींना जोडणारी एक हातभर दोरी असते. काळू तीच सोडतो, होडीच्या नाकाला बांधतो, दुसरं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतो आणि होडी ओढत आणतो. भिमाजी म्हणाला, पोराला डोकं आहे. मी तर टाळ्या वाजवल्या.

हवा भरायचं जाकीट आमच्यात एकच. ज्याला पोहता येत नाही त्याने ते घालायचं असं ठरलंय, म्हणजे मी. मी काठावरच्या दगडावर जाकीट घालून बसतो आणि सगळे मला हसतात. आईला म्हणावं, तुझा थोरला कोरड्या जमिनीवर कधी बुडायचा नाही.

आमच्या जावईबापूंना, धोंडीरामरावांना, जयभीम. लोभ आहेच, तो तान्हीच्या गडबडीत आटू देऊ नकोस.

तुझा,
कोंडाजीदादा


इगतपुरी,
ता. १९ जानेवारी १९८४

ती. दादास,

चांगुणाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. गुरांचं ऐकून खूप हसली, जाकिटाचं ऐकून मात्र नाही. तिचं म्हणणं, हे उलटंच चाललंय. पाण्यात जो जातो त्याला जाकीट हवं, काठावर बसणाऱ्याला कशाला. मीही तेच म्हणते. काळू पट्टीचा पोहणारा आहे हे मला सांगू नकोस. मला सगळं माहीत आहे आणि तरी सांगते.

आता कामाचं. निफाडचं स्थळ पक्कं कळलं. मुलीचे वडील शाळामास्तर आहेत, मुलगी शिवण शिकलेली, रंगाने आपल्या काळूपेक्षा उजळच म्हणायची. रविवारी २९ तारखेला बोलावलंय. काळूला इस्त्रीचा शर्ट घालून हजर करायची जबाबदारी तुझी. मागच्या वेळी मुलगी बघायची तर हा मनमाडला सिनेमा बघत बसला. त्याच्या आधी पोटात दुखलं. आईने निक्षून सांगितलंय, या वेळी पळाला तर मी त्याचं तोंड बघणार नाही.

पोरगी रात्रभर रडते आणि दिवसा झोपते. यांची रात्रपाळी आणि तिची एकच आहे, त्यामुळे बापलेकीचं छान जमतं. तान्हीला अजून एकाही मामाने पाहिलेलं नाही, हे लक्षात असू दे. माया असावी, आणि ती दिसावीही.

तुझी,
चांगुणा


नाशिक,
ता. २४ जानेवारी १९८४

ती. ताईस,

काळूचा जयभीम. आईला साष्टांग.

दादाने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तेही भिमाजीसमोर. माझी अब्रू गेली. उजळ म्हणे! ओझरच्या कारखान्यात पत्रे घासून घासून मीही आता चकाकायला लागलोय.

येतो निफाडला. शनिवारी पाण्यावर आणि रविवारी फासावर, असं दादाशी ठरलंय. पण आईला सांग, फार जबरदस्ती केली तर शनिवारीच फळीवर उभा राहीन, वाऱ्यावर सुटेन आणि पलीकडच्या काठाला उतरून पेठच्या डोंगरात पसार होईन. मग शोधा मला पोलीस घेऊन.

दादा तुझ्या पोरीसाठी होडी करतोय. आतापर्यंतची सगळ्यांत सुबक. शनिवारी मी ती पाण्यात तपासून घेतो. रविवारी निफाडचं उरकलं की तसाच गाडीत बसून इगतपुरीला येतो, होडी घेऊन. भाचीला सांगून ठेव, मामा येतोय.

आईचा राग माझ्यावरच राहू दे, दुसऱ्या कुणाला देऊ नका.

तुझा,
काळू


नाशिक,
ता. ३० जानेवारी १९८४

चि. चांगुणास,

जयभीम. तार मिळालीच. काल धोंडीरामराव इथे होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं असेल. तरी तू त्यांच्याबरोबर निरोप धाडून विचारलंस नक्की काय झालं, म्हणून लिहितो. आईला किती वाचून दाखवायचं ते तू ठरव.

शनिवारी दुपारनंतर होडी सोडली. बरीच लांब गेली आणि थांबली. काळू फळीवरून गेला, खाली वाकला, तिला दोरी बांधली. शीड उचललं आणि तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. तो पाण्यात पडला. हे नेहमीचंच, म्हणून आम्ही हसलो. काठी खाचेतून निसटली होती हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. शीड जागेवर राहिलं आणि फळी एकटी निघून गेली. तिला धरून ठेवायची दोरी होडीच्या नाकाला होती. मी तुला कौतुकाने लिहिली होती तीच दोरी.

शीड तरंगत होतं. ते धरून राहिला असता तरी पुरे होतं. आम्ही घसा फुटेपर्यंत ओरडलो. तो फळीच्या मागे पोहत गेला. फळी वाऱ्याने जाते, तिला माणूस कसा गाठणार? सूर्य अगदी समोर होता, सगळं पाणी चकाकत होतं. त्याला बुडताना कुणी पाहिलं नाही. आधी डोकं दिसत होतं, मग दिसेना.

भिमाजी पोहत निम्म्यावर गेला आणि दम तुटून परत आला. मी जाकिटासकट पाण्यात धावलो. छातीभर पाण्यात गेलो तर जाकिटाने मला उचललं. मला बुडताही येईना आणि पुढेही जाता येईना. लोकांनी मला धरून बाहेर ओढलं.

फळी पश्चिमेच्या काठाला झुडपात सापडली. कोळ्यांनी शीड आणि होडी आणून दिली. सगळे फळीच्या बाजूला शोधताहेत. अजून काही नाही. निफाडला निरोप पाठवला आहे.

आई बरोबर म्हणाली होती. मी ते वाचून हसलो होतो. ते जाकीट मी जाळून टाकणार आहे.

कोंडाजी


इगतपुरी,
ता. १ फेब्रुवारी १९८४

ती. दादास,

जयभीम. तुझं पत्र आईला सगळं वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. तिने ऐकून घेतलं आणि मला काळूचं पत्र पुन्हा वाचायला लावलं. पेठच्या डोंगराची ओळ आली तशी ती ताडकन उठून उभी राहिली.

तिचं म्हणणं, तो गेलेला नाही, पळालाय. फळी पलीकडच्या काठाला मिळाली म्हणजे तो तिथेच उतरला. बुडताना पाहिलंय का कुणी, असं ती मलाच विचारते. मुलगी बघायची म्हटलं की तो पळतो, हे आजचं आहे का, असंही म्हणते. नाशिकला चल म्हटलं तर ऐकत नाही. तो लाजेने तिकडे यायचा नाही, इथेच भाचीला बघायला येईल, म्हणून मी इथून हलणार नाही, हे एकच धरून बसली आहे. दिवसभर त्याला शिव्या देते आणि दोन्ही वेळा त्याची भाकरी करून झाकून ठेवते. सकाळी ती भाकरी मी कुत्र्याला घालते, तिच्या नकळत.

दादा, मला तिचा राग येतो आणि मग मीही दाराकडे बघत बसते. कडी वाजली की पोरीला खाली ठेवून मीच आधी धावते. पेठच्या रस्त्याला कुणाला तरी पाठव ना. आणि पाण्यात असेल तर पाण्यातून काढ. काय ते एकदा नक्की होऊ दे. असं अर्धवट मला सोसवत नाही, आणि बाळंतिणीने रडू नये म्हणून मला धड रडूही देत नाहीत.

तूही जेवत जा.

तुझी,
चांगुणा


नाशिक,
ता. ३ फेब्रुवारी १९८४

चि. चांगुणास,

जयभीम. काळू सापडला. काल संध्याकाळी त्याचं सगळं केलं. धोंडीरामराव शेवटपर्यंत होतेच, पण तुला माझ्याकडूनही कळावं.

तुझं पत्र येण्याआधीच भिमाजी सायकलवरून पेठच्या रस्त्याला गावोगाव विचारून आला होता. त्यालाही आईसारखंच वाटत होतं. मला वाटत नव्हतं. सगळे फळीजवळ शोधत होते आणि मी रात्रंदिवस त्या होडीकडे बघत बसलो होतो. फळी हलकी, ती वाऱ्याची. माणूस पाण्याखाली गेला की त्याला वारा लागत नाही, तो पाण्याचा होतो. आणि कालव्याला पाणी सोडलेलं होतं, म्हणजे खालचं पाणी उलट्या बाजूला, भिंतीकडे सरकत होतं.

मग तुझ्या पोरीची होडी घेतली. मोटार काढली, वरचा भाग कापला आणि आत शिसं भरत गेलो, ती बोटभर वर राहीपर्यंत. जिथे त्याचं डोकं शेवटचं दिसलं तिथे भिमाजीने आणि मी ती सोडली आणि लहानू कोळ्याच्या नावेतून तिच्या मागे राहिलो. वारा पश्चिमेकडे आणि होडी हळूहळू पूर्वेकडे. माझी आजवरची एकही होडी इतकी सरळ गेली नव्हती. भिंतीच्या अलीकडे पाण्यात बुडालेल्या बाभळी आहेत, तिथे अडकून थांबली. लहानूने गळ टाकला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच सापडला.

ओळख पटली. कशावरून ते लिहीत नाही. आईला बोलावलं नाही, हा निर्णय माझा एकट्याचा. तिने त्याला तसा पाहू नये असं मला वाटलं. मित्रांनी खांदा दिला, वस्तीतल्या सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. निफाडचे मास्तरही आले होते. सगळं होईपर्यंत मागे उभे होते.

रविवारी येतो. आईसमोर कसा उभा राहणार, मला माहीत नाही. तिने मला दारात उभं केलं नाही तरी माझी तक्रार नाही.

कोंडाजी


इगतपुरी,
ता. ६ फेब्रुवारी १९८४

ती. दादास,

जयभीम. काल दिवसभर वाट पाहिली. तू आला नाहीस. आईने मला कागद घ्यायला लावला. ती बोलली तसंच्या तसं लिहिते, माझं एक अक्षर नाही.

चि. कोंडूस आईचा आशीर्वाद.

तू काल आला नाय. भेव वाटलं आसंल. माझं कसलं भेव?

मी म्हनले व्हते, पळाला तर त्याचं तोंड बगनार नाय. माझं बोलनं खरं झालं. तू मला बोलावलं नाय ते बरं केलं का वंगाळ, मला समजत नाय. कवा वाटतं बरं झालं, कवा वाटतं तुझं थोबाड फोडावं.

हितं लोक बसाया येत्यात. म्हनत्यात, आक्काबाई, तुझ्या थोरल्यानं लय डोकं लावलं, भावाला हुडकून काढलं. मी मान हालवते. खरं सांगू का कोंडू? तू मला इचारलं आसतं, तर मी म्हनले आसते, नको हुडकू. ऱ्हाऊ दे त्याला पळालेला. मी त्याला मरंपोत्तर शिव्या दिल्या आसत्या, त्याची भाकर केली आसती, आन तशीच गेले आसते. आता भाकर कुनाची करू?

पन तुझा बी भाऊ व्हता. तू तरी काय करनार.

होडी पोरीसाठी आन. मोडकी आसली तरी चालंल. तिच्यातलं शिसं तेवढं काढ. पोरीला हलकी पायजे.

जाकीट जाळनार म्हनतो. जाळू नको. ते कुनाच्या अंगात पायजे व्हतं ते मी आदीच सांगितलं व्हतं, तू फिरून फिरून लिहू नको, माझ्या ध्यानात हाय. पन तू त्याच्यामागं पान्यात धावला, तवा त्यानंच तुला वर धरलं. तुला पवता येत नाय. ते नसतं तर त्या दिशी माझे दोनी गेले आसते.

येत्या रविवारी ये. न चुकता ये. आन पुन्हा कवा पान्याकडं गेलास, नुसता काठावर बसाया गेलास, तरी ते जाकीट अंगात घाल. तुला हसनारा आता कोन ऱ्हायलाय?

तुझी आई,
आक्काबाई