पेडलवरचा पाय

४ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की तुझी आई घाबरते, म्हणून पत्रच बरं. गाडीचे ब्रेक मी घरीच केले. पॅड पार घासले होते. बस डेपोत अठ्ठावीस वर्षं फिटर असलेल्याने ब्रेक गॅरेजला द्यायचे म्हणजे शिंप्याने विकतचा सदरा घालण्यासारखं.

मग ब्रेक ऑइल बदलून आतली हवा काढायची होती, आणि ते दोन माणसांचं काम. आई नेहमीसारखी सीटवर, मी खाली चाकापाशी आडवा. मी 'धर' म्हटलं की ती पेडल दाबून धरणार, मी चाकामागचा छोटा स्क्रू सैल करून हवा आणि जुनं ऑइल बाटलीत सोडणार, स्क्रू आवळून 'सोड' म्हटलं की मगच ती पाय उचलणार. आधी उचलला तर हवा परत आत. ठमे, सकाळी जिला चष्मा कशासाठी असतो ते आठवेना, तिचा पाय एकदाही चुकला नाही. उलट वरून म्हणाली की तुम्ही फार वेळ लावता, माझी पोटरी दुखली. लग्नापासून हेच म्हणते. काम झालं तरी मी बराच वेळ तिथेच पडून राहिलो.

काळजी करू नकोस, तुझ्यावर माया आहेच.

तुझे बाबा

८ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग धसका घेतला. पंच्याहत्तराव्या वर्षी गाडीखाली लोळायची ही कसली हौस? आपल्या कोपऱ्यावरचे स्पेअर पार्टवाले काका फोनवर म्हणाले की तुम्ही महिन्याभरात ऑइलच्या पाच बाटल्या नेल्यात. एवढं ऑइल जातं कुठे? गळत असेल तर त्या गाडीतून आईला दवाखान्यात नेऊ नका. खरं काय ते लिहा, सारवासारव नको.

दुसरं म्हणजे, आईसारख्या माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत एक जागा रिकामी होते आहे. महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे. तुम्ही रागावणार. पण मागच्या खेपेला तुम्हाला घरात शिरलेला कोणी परका समजून तिने स्वतःला बाथरूममध्ये कोंडून घेतलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

उत्तर लवकर यावं. राग असला तरी कळवा.

तुमची ठमी

१५ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

ब्रेक ठणठणीत आहेत. काही गळत नाही. दर रविवारी मी चाक काढतो आणि चांगलं ऑइल बाटलीत काढून फेकतो, झालं, सांगितलं.

घरात ती मला विचारते की आपण कोणाकडे आलात. ताट वाढून दिलं तर आभार मानते. बायकोने असे आभार मानलेले मला सहन होत नाहीत. पण ती सीटवर बसली आणि खालून माझा आवाज आला की मी तिचा नवरा असतो. वीस मिनिटं तरी असतो. ती वीस मिनिटं आहेत तोवर तिला कुठे पाठवू नकोस. हात जोडतो. बापाने हे लिहू नये, पण लिहितो.

तुझे बाबा

२२ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

संस्थेला नाही म्हणून कळवलं. वर्गाचे पेपर तपासून झाले की येते. येताना ऑइलचा पाच लिटरचा डबाच आणीन, म्हणजे काकांच्या चौकशा थांबतील. आई तुमच्यावर करवादते ते मला एकदा ऐकायचं आहे. तोवर दोघं जपून राहा.

ठमी

३० मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

माझी चूक झाली. मला हाव सुटली.

रविवारी मी 'धर' म्हटलं, तिने धरलं. स्क्रू आवळला. इतकी वर्षं 'सोड' मी खालूनच म्हणत आलो. पण या वेळी वाटलं, ती मला ओळखते त्या घडीला तिचा चेहरा एकदा बघावा. उठलो, खिडकीशी गेलो आणि तिथून म्हणालो. तिने पाय उचलला नाही. म्हणाली की बाजूला व्हा, आमचे हे खाली आहेत, त्यांनी सांगितल्याशिवाय मी सोडणार नाही. मी म्हटलं, अगं, तो मीच. ती घाबरली. मी परत खाली आडवा होऊन हाका मारल्या, पण एक परका माणूस आपल्या नवऱ्याच्या अंगावर गेलेला तिने पाहिला होता. अर्धा तास धरून बसली. पाय लटलट कापत होता. शेवटी मीच दोन्ही हातांनी तो उचलला. तेव्हा ती जे ओरडली, ते मला बहिऱ्यालाही ऐकू आलं.

आता ती गाडीजवळ येत नाही. हे गाडीखाली गेले, माझा पाय सुटला म्हणून गेले, असं म्हणून रडते. मी शेजारी बसून समजूत घालतो. माझ्याकडून आता काही होणार नाही, ठमे. ती जागा अजून असेल तर घे.

काल जरा शांत झाली. माझा हात धरून म्हणाली की तुम्ही भले गृहस्थ दिसता, एवढं एक काम करा. आमच्या मुलीला तिचे बाबा गेल्याचं कळवा. पण एकदम लिहू नका, ती तिथे एकटी असते.

पत्र लिहून झालं का, म्हणून आत्तापर्यंत दोनदा विचारून गेली. झालं म्हणून सांगतो.

तुझे बाबा