खंडेनवमीचं न्हाण

तंजावूर,
१२ ऑक्टोबर २००६

प्रिय कार्तिकेय,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. फोन असताना आईला पत्राचं काय खूळ लागलं, असं म्हणशील. अरे, फोन अप्पांच्या खिशात असतो. वाजला की आधी तेच उचलतात, मग माझ्या हातात देतात आणि समोर खुर्ची ओढून बसतात. मी काय बोलणार? जेवलास का, झोपलास का, तिकडे पाऊस आहे का. झालं आपलं संभाषण. म्हणून हे पत्र, आणि देवनागरीत लिहिते आहे तेही मुद्दाम. लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या, त्यांचा आज पहिल्यांदा उपयोग होतो आहे. आपल्या घरात ही अक्षरं मला येतात आणि आता पुण्यात राहून तुला. अप्पा जन्मभर मराठी बोलले, पण लिहिलं ते तमिळ अक्षरांत. माझं मराठी वाचून हसू नकोस हं. तुझ्या पुण्याच्या बायका म्हणतील, ही कुठल्या शतकातून उठून आली!

गाडीचं अप्पांनी तुला त्यांच्या पद्धतीने सांगितलं आहेच. कंपनीने फसवलं, पेटी कच्ची निघाली, वगैरे. खरं काय झालं ते ऐक. खंडेनवमीला शेजारीपाजारी सगळे आयुधपूजा करतात. गाडी धुतली, गंधकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं की त्यांचं काम संपतं. आपलं तसं कुठलं! आपल्या घरात आयुधाला न्हाऊ घालायचं. तुझ्या पणजोबांची तलवार होती म्हणे, मग आजोबांची सायकल आली, मग अप्पांची जुनी गाडी. हळदीचं पाणी, दूध, वरून नारळाचं पाणी. ती जुनी गाडी लोखंडाची बया होती. दरवर्षी सगळं प्यायची, ढेकर द्यायची आणि कुंभकोणमच्या लग्नाला आपली भाड्याची भांडी घेऊन निघायची. ह्या नव्या पिकअपलाही अप्पांनी आत बसून यथासांग न्हाऊ घातलं. मी म्हटलं, अहो, आत वायरी आहेत. तर म्हणाले, वायरींनी काय पाप केलंय, त्यांनाही पुण्य मिळू दे. आणि तू फोनवर जिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतोस ती, दिवे-हॉर्न-कुलुपं सगळं चालवणारी पेटी नेमकी खाली, पायापाशी. सगळं पुण्य तिच्यात उतरलं.

दोन-तीन दिवसांनी दारात उभी गाडी आपोआप बोंबलायला लागली. ऊन कडकडीत पडलेलं आणि वायपर आपले काच पुसताहेत. दारांची कुलुपं खटाखट लागताहेत, उघडताहेत. पलीकडचा भीमसेन म्हणाला, दृष्ट लागली, कोहळा फोडा. फोडला. त्याने हॉर्न आणखी चेकाळला. शेवटी कल्याणराम मेकॅनिकने खाली झोपून पेटी काढली, तर आत हिरवा गंज. अप्पांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, नाकाशी नेऊन हुंगली. जुन्या गाडीचं काहीही बिघडलं तरी माझ्या केसातली पिन नाहीतर चंदेरी कागदाचा तुकडा घालून ते ती चालू करत असत, तुला आठवतं ना? रस्त्यात कुठेही गाडी बंद पडली तरी मला कधी भीती वाटली नाही. ह्या पेटीला पिन घालायला जागाच नाही. उचलली आणि ठेवली, बस.

मग तिरुचीच्या भंगारवाल्याकडून जुनी पेटी आणली. कल्याणरामने बसवली. दिवे लागले, हॉर्न शहाण्यासारखा गप्प बसला. आमचे चेहरे फुलले. किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. कल्याणराम म्हणाला, अम्मा, पेटी दुसऱ्या गाडीची आहे, ही किल्ली तिच्या ओळखीची नाही, कंपनीचं यंत्र लावून ओळख करून द्यावी लागते. काय तरी बाई जमाना! पूर्वी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आता बँकेचा माणूस आपण होऊन दारच्या ओट्यावर, तिण्णैवर येऊन बसला, हसत हसत कर्ज देऊन गेला, आणि दारात आली ती मालकाची किल्ली न ओळखणारी गाडी.

तेव्हापासून गाडी दारात आहे आणि भांडी वादिराजच्या टेम्पोने जाताहेत. अप्पा सकाळी कॉफी झाली की गाडीत जाऊन बसतात. नुसते बसतात. स्टिअरिंग पुसतात, आरसा पुसतात. परवा तू फोनवर म्हणालास, पेटी मिळाली, दिवाळीला घेऊनच येतो, ओळख करून द्यायला तिरुचीचा माणूसही ठरवतो. त्या दिवसापासून घरात लगीनघाई आहे. जो भेटेल त्याला अप्पा सांगतात, मुलगा कंपनीत स्पेअर पार्टला आहे, स्वतः पेटी घेऊन येतोय. पापनाशमच्या लग्नाची भांडी मीच नेणार म्हणून त्यांनी शब्दही देऊन ठेवलाय. पूर्वी मी ह्या उत्साहावर दोन टोमणे मारले असते. आता हसते आणि आत जाऊन रडते.

बाळा, आता जे फोनवर बोलता येत नाही ते. गाडीच्या दिव्यांची तक्रार खंडेनवमीच्या आधीची आहे. आवणी महिन्यापासून, म्हणजे गणपतीच्या सुमारापासून अप्पा म्हणत होते, दिवे मंद झालेत, रस्ता दिसत नाही. कल्याणरामने बल्ब बदलले. तरी तेच. मग त्याने संध्याकाळी गाडी शाळेच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंत अशी उजळली की तिच्यावरच्या मुंग्या मोजाव्यात. अप्पा म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो, किती मिणमिणतात! कल्याणरामने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो बिचारा म्हणाला, हो सामी, बघतो काय करता येतं ते.

त्यानंतर पापनाशमहून येताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. दिवस मावळला होता. रस्त्याच्या कडेने एक म्हातारी गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. आपल्या गाडीच्या उजेडात तिच्या लुगड्याचा पिवळा काठसुद्धा मला दिसत होता. मला वाटलं, आता हे गाडी बाजूला घेतील. आता घेतील. मी ओरडले तोवर गाडी भाऱ्याला घासून पुढे गेली आणि म्हातारी शेतात जाऊन पडली. देवाची कृपा, चिखलात पडली, खरचटलंसुद्धा नाही. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. गाडी थांबवून अप्पांनी मला विचारलं, भागीरथी, मागे आपलं काही भांडं पडलं का?

माझ्या चष्म्याचं निमित्त करून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि हळूच म्हटलं, यांचेही बघा. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. गेलं ते परत येणार नाही, थेंब घातले तर उरलंय ते टिकेल, आणि गाडी आता अजिबात नाही, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. बाहेर आल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, डॉक्टर पोरगा फार लहान आहे, शिकेल हळूहळू. थेंब घालायला मात्र मुकाट्याने मान वर करतात.

एकदा मी गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. त्यांनी ती शोधायला घेतली. फळीवरून हात फिरवत, मग भिंतीवरून, मग दारातल्या माझ्या कोलमच्या रांगोळीवर पाय देत परत तिण्णैवर. मला रागे भरले असते तर परवडलं असतं. विचारलंसुद्धा नाही रे! मीच किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. नऊवारीतली पोर होते तेव्हापासून ह्या माणसाशी भांडते आहे, पण ह्या एका भांडणात मला तोंडच उघडता येत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि मग खंडेनवमी आली आणि पेटी बिघडली. दिवे फडफडायला लागले तेव्हा अप्पांचा चेहरा तू बघायला हवा होतास. सगळ्या गल्लीला हाका मारून दाखवलं, बघा, दिव्यातच खोट होती! कित्येक आठवड्यांनी माणूस पोटभर जेवला. देव अशीही कृपा करतो, हे मला माहीत नव्हतं. गाडी बिघडलेली आहे तोवर त्यांच्यात काही बिघडलेलं नाही.

म्हणून लिहिते आहे. फोन करून अप्पांना सांग, पेटी मिळाली होती ती भलत्याच गाडीची निघाली, कंपनीने ती आता बनवायचीच बंद केली. ते कंपनीचा उद्धार करतील, करू दे. तुलाही बोलतील, सोस. त्यांना खरं काय ते सांग, असंही तुला म्हटलं असतं. तुझं ते ऐकतीलही. पण तुझ्यासमोर त्यांची मान खाली गेलेली मला बघवायची नाही. आई मुलाला खोटं बोलायला शिकवते आहे, मला दुसरं काही सुचत नाही. मागच्या दिवाळीला तू हात हलवत आलास तेव्हा मी केवढी बोलले होते, घरी कधी रिकाम्या हाताने येऊ नये म्हणून. ह्या दिवाळीला ये राजा, नक्की ये. आणि रिकाम्या हाताने ये.

वाट बघणारी, तुझीच,
आई