मनीषाच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर

सोमवार, ता. ३
काकडा झाला, धूप घातला. मनीषाचा कॉम्प्युटर सकाळपासून पुन्हा अडकतोय, तीन महिने हेच चाललंय. आज रेघ ओढली की चहा पिऊन यावं, तवा ती दिसते. पुण्याच्या इंजिनिअरला घराचे नकाशे काढून देते, दोन वर्षं झाली. मागचे दोन उशिरा गेले. त्याचा फोन आलता, तिसरा उशिरा झाला तर काम दुसरीला.
हे म्हणाले, गेलं तर गेलं, आष्टीचं स्थळ बघून घेऊ. लेक ताटावरून उठली. मी गप्प बसले. बसायला नको होतं.

बुधवार, ता. ५, त्रिपुरारी पौर्णिमा
म. म्हणते प्रोसेसर बदलायचा. म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. जुन्या डब्यात त्याच्यापेक्षा चांगला बसतो म्हणे, पण वापरलेला. साडेतीन हजार. तिच्याजवळ तेवढेच आहेत, डिप्लोमाच्या परीक्षेच्या फीचे. फीची मुदत वीस तारीख.
मी म्हणाले, जुन्या साडीला नवा काठ कशाला. तर म्हणते, "आई, तू तर फाटक्या चादरीच्या उशा शिवतीस."
संध्याकाळी साडेसातशे वातींचा त्रिपुर लावला. देवाच्या फळीखालीच कॉम्प्युटरचा डबा. मीच ठेवलाय तिथं. पुढच्या खोलीत रस्त्याची धूळ, आणि लक्ष्मी आणणारी वस्तू देवाच्या पायाशी बरी.

शुक्रवार, ता. ७
म. बरोबर बीडला. ती प्रॅक्टिकलला गेली, मी डबा मांडीवर घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या रफिकभाईच्या दुकानात.
त्यांनी बाजूचा पत्रा काढला. आत काळं, तेलकट, वर राख. पंख्याच्या पात्यांना काजळी चिकटलेली, त्यात कुंकवाच्या दोन अक्षता.
"मावशी, हे ठेवता कुठं? चुलीपाशी?"
देवापाशी, म्हणाले. ते हसले नाहीत. ब्रश खाली ठेवला.
"तुमचा प्रोसेसर मेला न्हाई. गुदमरलाय. लई गरम झाला की जळू नये म्हून आपसूक हळू चालतो."
तासभर साफ केला, प्रोसेसर गार ठेवणारी नवीन पेस्ट लावली. मग बदलायला नको ना, विचारलं. तर म्हणाले, साधे नकाशे होतील, पण उभं घर फिरवून दाखवायचं आलं तर हा दमणार. वापरलेला एक आहे त्यांच्याकडे, १७ तारखेपर्यंत ठेवतो म्हणाले. पण ज्या बोर्डावर तो बसवायचा तो दहा वर्षांचा. तो गेला की साडेतीन हजारबी गेले.
परत येताना रिक्षात म. नं विचारलं, काय निघालं? धूळ, म्हणाले. काजळी म्हणायला तोंड उघडलं नाही.

शनिवार, ता. ८, संकष्टी
नकाशा दुपारीच गेला. म. खूश. म्हणते, नुसत्या धुळीनं एवढा फरक, मग नवा प्रोसेसर टाकल्यावर बघ. म्हणजे माझ्या खोट्यानं तिची फी चालली.
नुसतं निरांजन लावलं. ह्यांनी विचारलं, "धूप कावून न्हाई आज?" संपलाय म्हणाले. डबीत भरपूर होता.

सोमवार, ता. १०
इंजिनिअरनं उभं घर पाठवलं. उघडतं, फिरवायला गेलं की थांबतं. म. नं फीचं पाकीट काढलं. मग राहवलं नाही. सगळं सांगितलं. धूप, त्रिपुर, अक्षता.
"म्हणजे तीन महिने मी रडत होते ते ह्याच्यामुळं?"
होय म्हणाले.
"आन् तू रोज तिथंच माझ्या कामासाठी हात जोडत होतीस."
हसली नाही.

बुधवार, ता. १२
डबा पुढच्या खोलीत नेला, धुळीत. देव हलवू का विचारलं तर हे म्हणाले, आईनं बसवलेले आहेत, चंपाषष्ठीआधी हात लावायचा नाही. म. माझ्याशी कामापुरतंच बोलते. भाकरी माझ्या हातची खाते, तेवढं बरं.
आष्टीचे पाहुणे येत्या बुधवारी येणार. हे परस्पर बोलून बसले.

शनिवार, ता. १५, एकादशी
म. नं हाक मारली. पाकीट टेबलावर. "आई, तू सांग. घेऊ का नको? सांगशील ते करते."
मी म्हणाले, रफिकभाईला विचार.
"त्यांना इचारलंय. तुला इचारतीय."
घेतला तर ह्या वर्षीची परीक्षा गेली, आणि बोर्ड उद्या बंद पडला तर हातात काहीच नाही. नाही घेतला तर काम जातं, मग बुधवारी पाहुण्यांपुढं ती काय म्हणून नको म्हणणार? दहावी शिकलेल्या बाईला हे विचारते. आधी कधी काही विचारलं नव्हतं.
सोमवारी सकाळी सांगते म्हणाले. बरं म्हणाली, पुन्हा माऊस धरला. घर थोडं वळलं आणि थांबलं. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. ती सरकली नाही. दोघी बघत बसलो, आणखी वळतंय का.